डेट्रॉईटचा तेरावा मतदारसंघ: ठाणेदारांच्या आधीची अडुसष्ट वर्षं

चिकोडीत जन्मलेले, बेळगावात वाढलेले, मराठीत आत्मचरित्र लिहिणारे श्री ठाणेदार अमेरिकेच्या काँग्रेसवर निवडून आले, ही २०२२ ची बातमी आपल्याकडे कौतुकाने वाचली गेली. कौतुक रास्तच होतं. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेऊन १९७९ मध्ये परदेशी गेलेला माणूस, तिथे पीएचडी करतो, प्रयोगशाळांचा धंदा उभारतो, बुडतो, पुन्हा उभा राहतो आणि शेवटी वॉशिंग्टनच्या सभागृहात जाऊन बसतो. पण तोच निकाल डेट्रॉईटमध्ये वेगळ्या शब्दांत पोचला. तिथली बातमी अशी होती की १९५५ पासून पहिल्यांदाच या शहराचा एकही कृष्णवर्णीय प्रतिनिधी काँग्रेसमध्ये नसेल. ज्या शहरात चार माणसांत तीनहून जास्त कृष्णवर्णीय आहेत, त्या शहराची ही बातमी.

दोन्ही बातम्या खऱ्या आहेत. आपल्या माणसाचं यश नीट समजून घ्यायचं तर दुसरी बातमीही समजून घ्यायला हवी, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी मिशिगन राज्यातल्या तेराव्या मतदारसंघाची गोष्ट मुळापासून सांगतो.

आधी दोन-तीन गोष्टी स्पष्ट करू. अमेरिकेत काँग्रेस म्हणजे पक्ष नाही, तिथली संसद. तिच्या खालच्या सभागृहाला प्रतिनिधिगृह म्हणतात. त्यात ४३५ जागा, आणि प्रत्येक जागेची निवडणूक दर दोन वर्षांनी. पाच वर्षं निवांत बसायची सोय नाही. दर दहा वर्षांनी जनगणना होते आणि लोकसंख्येप्रमाणे राज्यांना जागा नव्याने वाटल्या जातात. आपल्याकडे राज्यांच्या लोकसभेच्या जागा १९७६ मध्ये गोठवल्या गेल्या, त्यामुळे महाराष्ट्राच्या ४८ हा आकडा आपल्याला पाठच झाला आहे. मिशिगनच्या माणसाला असा आकडा पाठ करून चालत नाही. १९६० च्या जनगणनेनंतर त्या राज्याला १९ जागा होत्या. मग १८, १६, १५, १४ असं करत २०२० नंतर १३ उरल्या. मोटारींचे कारखाने आटले, माणसं दक्षिणेकडे आणि पश्चिमेकडे गेली, आणि दर दहा वर्षांनी एक-दोन खुर्च्या उचलल्या गेल्या.

खुर्च्या बदलल्या की नकाशाही बदलतो. म्हणून ‘तेरावा मतदारसंघ’ ही काही एक ठरलेली जागा नाही. १९९३ ते २००३ या दहा वर्षांत तेरा नंबरची पाटी डेट्रॉईटच्या पश्चिमेला, अ‍ॅन आर्बर या विद्यापीठाच्या गावाच्या बाजूला लागली होती. नंतर ती परत डेट्रॉईटमध्ये आली. तेव्हा इतिहास बघायचा तो शहराच्या प्रतिनिधित्वाचा. नंबर फक्त ओळखीपुरता.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. डेट्रॉईटमध्ये खरी निवडणूक नोव्हेंबरमध्ये होत नाही, ती ऑगस्टमध्ये होते. ऑगस्टमधल्या मतदानाला प्रायमरी म्हणतात. पक्षाचा उमेदवार कोण हे तिथे हायकमांड ठरवत नाही, मतदार मत देऊन ठरवतात. डेट्रॉईट गेली कित्येक दशकं डेमोक्रॅटिक पक्षाचा बालेकिल्ला आहे, त्यामुळे ज्याने ऑगस्टमध्ये बाजी मारली तो नोव्हेंबरमध्ये निवडून आल्यातच जमा. आणि मिशिगनच्या प्रायमरीत दुसरी फेरी नसते. उभे दहा जण असोत की दोन, सगळ्यांत जास्त मतं ज्याची तो जिंकला. निम्मी मतं मिळायलाच हवीत असं बंधन नाही. पुढच्या गोष्टीत हा नियम वारंवार आडवा येणार आहे.

आता १९५४ साली जाऊ. त्या वेळी डेट्रॉईट हे अमेरिकेतल्या सगळ्यांत मोठ्या शहरांपैकी एक. १९५० च्या जनगणनेत लोकसंख्या १८,४९,५६८. त्यात कृष्णवर्णीय सुमारे १६ टक्के, पण ते शहरभर विखुरलेले नव्हते. घरं विकताना करारातच ‘कृष्णवर्णीयांना विकणार नाही’ अशी अट घालायची पद्धत होती, बँका कर्ज देत नसत. त्यामुळे दक्षिणेतून कारखान्यांत कामाला आलेली माणसं शहराच्या पूर्वेकडच्या ब्लॅक बॉटम आणि पॅराडाइज व्हॅली या वस्त्यांत दाटीवाटीने राहत. ज्या भेदभावाने त्यांना एका कोपऱ्यात कोंडलं, त्याच कोपऱ्यात त्यांची मतं एकगठ्ठा झाली. तिथून चार्ल्स डिग्ज उभे राहिले.

डिग्ज यांच्या घरचा धंदा अंत्यसंस्काराचा. आपल्याला हे विचित्र वाटेल, पण त्या काळच्या कृष्णवर्णीय समाजात हा फार मानाचा आणि स्वतंत्र धंदा होता. गोऱ्या मालकाच्या मर्जीवर पोट नाही, आणि शहरातल्या प्रत्येक घराशी कधी ना कधी संबंध आलेला. ‘हाउस ऑफ डिग्ज’ हे नाव रेडिओवरून घराघरात पोचलेलं. वडील राज्याच्या सिनेटमध्ये होते, मुलगाही तिथे गेला, आणि १९५४ च्या प्रायमरीत त्याने पक्षाच्याच विद्यमान प्रतिनिधीला हरवलं. जानेवारी १९५५ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी, डिग्ज मिशिगनचे पहिले कृष्णवर्णीय काँग्रेस सदस्य झाले. मतदारसंघ तेरावा.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मिसिसिपीतल्या समनर या छोट्या गावात एमेट टिल या १४ वर्षांच्या मुलाच्या खुनाचा खटला चालला. डिग्ज स्वतःहून तिथे गेले. न्यायालयाच्या दारावरच्या पोलिसाला कृष्णवर्णीय माणूस काँग्रेसचा सदस्य असू शकतो हेच पटेना. शेवटी त्यांना आत घेतलं, पण बसवलं ते बाजूला मांडलेल्या एका पत्त्यांच्या टेबलाशी, कृष्णवर्णीय पत्रकारांबरोबर. सगळे गोरे असलेल्या ज्युरीने आरोपींना सोडून दिलं. मिसिसिपीतल्या कृष्णवर्णीयांना तेव्हा मतदान करणंही जवळपास अशक्य होतं. त्यांच्या वतीने बोलणारा निवडून आलेला माणूस शेकडो मैलांवरच्या डेट्रॉईटमधून आला होता. एका मतदारसंघाची खुर्ची किती दूरवरच्या माणसांची असू शकते, हे त्या पत्त्यांच्या टेबलावरून कळतं. डेट्रॉईटकरांना २०२२ मध्ये जे गमावल्यासारखं वाटलं, ते नेमकं हेच.

१९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की एका राज्यातले काँग्रेसचे मतदारसंघ लोकसंख्येने सारखेच हवेत. त्याआधी एका मतदारसंघात दोन लाख, दुसऱ्यात आठ लाख असाही कारभार चाले. मिशिगनने नकाशा नव्याने आखला आणि शहरात कृष्णवर्णीय बहुमताचा आणखी एक मतदारसंघ तयार झाला. तिथून जॉन कॉनियर्स हे तरुण वकील अगदी थोड्या मतांनी प्रायमरी जिंकले आणि १९६५ पासून ५२ वर्षं काँग्रेसमध्ये राहिले. मॉंटगोमेरीच्या बसमध्ये जागेवरून उठायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स यांना पुढे डेट्रॉईटमध्ये राहताना धड नोकरी मिळत नव्हती. कॉनियर्स यांनी त्यांना आपल्या स्थानिक कार्यालयात घेतलं, आणि १९८८ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्या तिथेच होत्या. घराच्या अडचणी, पेन्शनचे कागद घेऊन येणाऱ्या माणसांची कामं त्या बघत.

मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर चौथ्या दिवशी त्यांच्या नावाने राष्ट्रीय सुट्टी असावी असं विधेयक कॉनियर्स यांनी मांडलं. ते मंजूर व्हायला १९८३ उजाडलं. दरम्यान १९७१ मध्ये कृष्णवर्णीय सदस्यांचा जो गट काँग्रेसमध्ये औपचारिकपणे उभा राहिला, त्याचे पहिले अध्यक्ष डिग्ज होते. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषी राजवटीविरुद्ध वॉशिंग्टनमध्ये सातत्याने बोलणाऱ्यांत त्यांचं नाव पहिलं.

पण शहर मात्र पायाखालून सरकत होतं. जुलै १९६७ मध्ये बाराव्या रस्त्यावरच्या एका बेकायदा गुत्त्यावर पोलिसांनी छापा घातला आणि त्यातून पेटलेल्या दंगलीत ४३ माणसं मेली. कॉनियर्स गाडीवर चढून हातात भोंगा घेऊन लोकांना शांत राहायला सांगत होते आणि जमाव त्यांच्यावरच वस्तू फेकत होता. आठ मैल रस्ता ही शहराची उत्तर सीमा. गोरी कुटुंबं ती ओलांडून उपनगरांत जात होती, ती आधीपासूनच, आता झपाट्याने. ब्लॅक बॉटमची वस्ती तर त्याआधीच पाडली गेली होती, तिच्या मुख्य रस्त्यावरून हमरस्ता गेला. कारखाने उपनगरांत, मग दुसऱ्या राज्यांत. २०२० पर्यंत शहरात ६,३९,१११ माणसं उरली, म्हणजे १९५० च्या जवळपास एक तृतीयांश.

हा आकडा जरा जवळून बघा. १९५० च्या सुमारास एका मतदारसंघात सरासरी साडेतीन लाखांच्या आसपास माणसं असत. म्हणजे डेट्रॉईट एकटं पाच मतदारसंघांना पुरून उरत होतं. आज मिशिगनमधल्या एका मतदारसंघात सुमारे ७,७५,००० माणसं लागतात. म्हणजे अख्खं डेट्रॉईट एका मतदारसंघातही कमी पडतं. उरलेली माणसं उपनगरांतून भरायची. कोणत्या उपनगरांतून, किती, आणि शहराचे तुकडे किती करायचे, यावर खुर्ची कोणाची ते ठरतं.

मधली माणसं भराभर सांगतो. डिग्ज यांचा शेवट वाईट झाला. कर्मचाऱ्यांचे पगार फुगवून त्यातून पैसे परत घेतल्याबद्दल ऑक्टोबर १९७८ मध्ये ते २९ आरोपांत दोषी ठरले. तरीही पुढच्याच महिन्यात मतदारांनी त्यांना मोठ्या फरकाने निवडून दिलं. मला यात आंधळी भक्ती दिसत नाही. पत्त्यांच्या टेबलाशी बसलेला माणूस लोक विसरले नव्हते, आणि खटले आपल्याच पुढाऱ्यांवर का चालतात, हा संशयही तेव्हा खरा होता. गुन्हा मात्र गुन्हाच. १९७९ मध्ये सभागृहाने ४१४ विरुद्ध ० मतांनी त्यांची निर्भर्त्सना केली, १९८० मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि तुरुंगात गेले. त्यांच्या जागी ७१ वर्षांचे जॉर्ज क्रॉकेट आले, जे न्यायाधीश असताना एका चर्चमधून सरसकट पकडलेल्या लोकांना सोडवायला भल्या पहाटे थेट पोलीस ठाण्यात न्यायालय मांडून बसले होते. मग बार्बरा-रोज कॉलिन्स, मग कॅरोलिन चीक्स किलपॅट्रिक. किलपॅट्रिकबाईंचा मुलगा क्वामे डेट्रॉईटचा महापौर होता. त्याच्या भानगडींची झळ आईलाही लागली, आणि २०१० च्या प्रायमरीत हॅन्सन क्लार्क यांनी त्यांना हरवलं. क्लार्क यांची आई आफ्रिकन-अमेरिकन आणि वडील आजच्या बांगलादेशातल्या सिल्हेटकडचे. तेव्हा तेराव्या मतदारसंघातून निवडून आलेले दक्षिण आशियाई वंशाचे पहिले प्रतिनिधी ठाणेदार नाहीत. क्लार्क यांची कारकीर्द एकाच टर्मची. नवा नकाशा आला, कॉनियर्स तेराव्यात आले, क्लार्क शेजारच्या चौदाव्यात गेले आणि हरले.

तो नवा नकाशा हा या गोष्टीचा गाभा आहे. २०११ मध्ये राज्याची सत्ता रिपब्लिकन पक्षाकडे होती आणि तेव्हा नकाशा सत्ताधारीच काढत. विरोधकांची मतं सगळीकडे पसरली की ती जास्त जागा जिंकतात. म्हणून ती एक-दोन मतदारसंघांत कोंबायची. डेमोक्रॅट तिथे ८० टक्क्यांनी जिंकू देत, बाकीच्या जागा आपल्याला सोप्या. चौदावा मतदारसंघ डेट्रॉईटच्या पूर्व भागातून निघून वाकडातिकडा वळत थेट पॉंटियाक शहरापर्यंत गेला होता. नकाशावर तो बघितला तर कोणी हात धरून रेष ओढल्यासारखा दिसे.

पण याला दुसरी बाजू आहे. अमेरिकेत राखीव मतदारसंघ नाहीत. त्याऐवजी १९६५ च्या मतदान हक्क कायद्याच्या आधारे, अल्पसंख्य समाजाची मतं विस्कटून टाकली जाऊ नयेत म्हणून, जिथे शक्य तिथे त्यांचं बहुमत राहील असे मतदारसंघ आखण्याची रीत पडली. त्यामुळे डेट्रॉईटला दोन असे मतदारसंघ मिळाले होते. रिपब्लिकनांची कोंबाकोंबी आणि डेट्रॉईटकरांचं प्रतिनिधित्व, दोन्ही एकाच रेषेवर उभं होतं.

२०१८ मध्ये मिशिगनच्या मतदारांनी हा खेळ बंद केला. एका नागरिक मोहिमेने सार्वमत मागितलं, सुमारे ६१ टक्के मतं मिळाली आणि नकाशा काढायचं काम राजकारण्यांकडून काढून १३ नागरिकांच्या आयोगाकडे गेलं: ४ डेमोक्रॅट, ४ रिपब्लिकन, ५ कोणत्याच पक्षाचे नसलेले, चिठ्ठ्या टाकून निवडलेले. मला ही सुधारणा मनापासून चांगली वाटते. राज्यभरचा नकाशा त्यामुळे खरोखर न्याय्य झाला. पण कोंबलेली मतं मोकळी करायची म्हणजे डेट्रॉईटचे मतदार उपनगरांत पसरवायचे. डिसेंबर २०२१ च्या नव्या नकाशात बाराव्या आणि तेराव्या, दोन्ही मतदारसंघांत कृष्णवर्णीय मतदार निम्म्याच्या आत आले. डेट्रॉईटच्या नेत्यांनी आयोगापुढे जीव तोडून विरोध केला. राज्य विधिमंडळाचे डेट्रॉईट परिसरातले १३ मतदारसंघ वर्णाच्या आधारे आखले म्हणून संघीय न्यायालयाने २०२३ मध्ये रद्दही केले. काँग्रेसचा नकाशा मात्र तसाच राहिला.

मतं फुटली की काय होतं, याची चुणूक त्याआधी २०१८ मध्येच मिळाली होती. कॉनियर्स यांनी लैंगिक छळाच्या आरोपांनंतर डिसेंबर २०१७ मध्ये राजीनामा दिला. पुढच्या ऑगस्टमध्ये तेराव्यात एकाच दिवशी दोन प्रायमरी झाल्या: एक उरलेल्या काही आठवड्यांसाठी, दुसरी पुढच्या पूर्ण दोन वर्षांसाठी. मतदार तेच, मतपत्रिका एकच. छोट्या मुदतीसाठी चार उमेदवार होते आणि नगर परिषदेच्या अध्यक्षा ब्रेंडा जोन्स सुमारे ३८ टक्के मतं घेऊन जिंकल्या. पॅलेस्टिनी वंशाच्या रशिदा तलीब ३६ टक्क्यांवर. पूर्ण मुदतीसाठी आणखी दोघे उभे होते, त्यातले एक दिवंगत महापौर कोलमन यंग यांचे चिरंजीव. कृष्णवर्णीय मतं आणखी विभागली आणि तिथे तलीब सुमारे ९०० मतांनी जिंकल्या. जोन्स यांना काँग्रेसमध्ये जेमतेम पाच आठवडे मिळाले. तलीब काँग्रेसमध्ये पोचलेल्या पहिल्या दोन मुस्लिम महिलांपैकी एक ठरल्या. २०२० मध्ये त्याच दोघी समोरासमोर आल्या, तिसरं कोणी नव्हतं, आणि तलीब दोन तृतीयांश मतांनी जिंकल्या. म्हणजे त्यांना मतदार मिळाले ते केवळ फाटाफुटीने, असंही म्हणता येत नाही.

नव्या नकाशानंतर तलीब बाराव्यात गेल्या. तेरावा रिकामा झाला. त्यात डेट्रॉईटचा मोठा भाग, एकेकाळी पोलिश आणि आता बांगलादेशी व येमेनी वस्तीचं हॅमट्रॅमिक, दक्षिणेकडची टेलर, लिंकन पार्कसारखी कामगार गावं, आणि पूर्वेला ग्रोस पॉइंटची श्रीमंत उपनगरं. ऑल्टर रोड हा रस्ता डेट्रॉईट आणि ग्रोस पॉइंट पार्क यांच्या मधोमध जातो. एका बाजूला मोकळे पडलेले प्लॉट आणि ओसाड घरं, दुसऱ्या बाजूला जुनी झाडं, नेटकी हिरवळ. ग्रोस पॉइंटमध्ये १९६० पर्यंत घर घेऊ पाहणाऱ्याला वंश, रंग, उच्चार यांवरून गुण दिले जात आणि काही जणांना तर गुण न देताच नाकारलं जाई. आज त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंचा प्रतिनिधी एकच आहे.

त्या जागेसाठी ऑगस्ट २०२२ मध्ये नऊ उमेदवार उभे राहिले. त्यांत कृष्णवर्णीय नसलेले एकच: श्री ठाणेदार. मतं फुटू नयेत म्हणून कृष्णवर्णीय नेत्यांनी आधी एक समितीही बसवली आणि राज्य सिनेटर अ‍ॅडम हॉलियर यांचं नाव पुढे केलं. पण बाकीचे मागे हटले नाहीत. कॉनियर्स यांचा मुलगाही रिंगणात होता. हॉलियर यांच्यामागे बाहेरच्या गटांनी लाखो डॉलर ओतले, ठाणेदारांनी स्वतःच्या खिशातून लाखो डॉलर घातले. ठाणेदार शहराला नवखेही नव्हते. २०१८ मध्ये गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत तिसरे आले होते, नंतर डेट्रॉईटमध्ये राहायला आले आणि २०२० मध्ये तिथूनच राज्य विधानसभेवर निवडून गेले. निकाल लागला: ठाणेदार सुमारे २८ टक्के, हॉलियर त्यांच्यापेक्षा चार-पाच टक्क्यांनी मागे. नोव्हेंबरमध्ये ते सत्तर टक्क्यांहून जास्त मतांनी निवडून आले.

त्यांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. नियम सगळ्यांना एकच होते आणि त्यांनी मेहनत केली. पण डेट्रॉईटच्या माणसाने दुःख केलं तर ते आपण परकेपणाने बघू नये. ठाणेदार जन्मले तेव्हा चिकोडी मुंबई राज्यात होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला रेष बदलली आणि चंदगड तालुका वगळता तो सगळा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. आपण कुठे राहतो ते न बदलता आपलं कोण, हे एका रेषेने कसं बदलतं, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

२०२४ मध्ये हॉलियर पुन्हा उभे राहिले. उमेदवारीसाठी १,००० वैध सह्या लागतात. त्यांच्या तेवढ्या भरल्या नाहीत आणि नाव मतपत्रिकेवर आलंच नाही. दहा वर्षांपूर्वी खुद्द कॉनियर्स यांचं नाव अशाच सह्यांच्या घोळात बाद होता होता न्यायालयाने वाचवलं होतं. उरलेल्यांत नगर परिषदेच्या मेरी वॉटर्स मुख्य प्रतिस्पर्धी होत्या. या वेळी ठाणेदारांना सुमारे ५५ टक्के मतं मिळाली, निम्म्याहून जास्त. नोव्हेंबरमध्ये तलीब बाराव्यातून आणि ठाणेदार तेराव्यातून पुन्हा गेले. मिशिगनचे कृष्णवर्णीय प्रतिनिधी म्हणून त्या वर्षी एकच जण निवडून आले, रिपब्लिकन जॉन जेम्स, आणि त्यांचा मतदारसंघ आठ मैल रस्त्याच्या पलीकडे, मॅकॉम्बच्या उपनगरांत आहे.